गाडीचे तास आणि झोपेचे तास

पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. घाटंजी तालुक्यातील एका खेड्यातला तरुण मुलगा वडिलांना सोबत घेऊन दवाखान्यात आला. वय एकवीस. दोन वर्षे ट्रकवर क्लीनर म्हणून काढलेली, आता स्वतः गाडी चालवायची होती. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागतो, त्याला फॉर्म १-अ म्हणतात. तो हातात घेऊनच आला होता. मी डोळे तपासले, लाल-हिरवा रंग ओळखतो का ते पाहिले, रातांधळेपणा नाही ना, ऐकू नीट येते ना, हातापायात काही व्यंग नाही ना, सारे पाहिले. मुलगा ठणठणीत होता. सही करता करता सहज विचारले, "काल किती वाजता झोपलास रे?"

तो हसला. "काल नाई झोपलो डॉक्टरसाहेब. वणीहून गाडी आली पहाटे, मंग इकडंच आलो."

फॉर्मवर नजर, रंग, कान यांचे प्रश्न आहेत. झोप किती होते, हा प्रश्न त्यावर नाही. गेली पंचवीस-तीस वर्षे मी असे दाखले देत आलो आहे आणि हा प्रश्न मीही फार उशिरा विचारायला लागलो, हे आधीच कबूल करतो.

आपला जिल्हा तसा ट्रकवाल्यांचा. वणी भागातला कोळसा, आता मुकुटबनचे सिमेंट, हंगामात जिनिंगमधून निघणाऱ्या रुईच्या गाठी, सोयाबीन, तूर, सगळे ट्रकनेच जाते. पांढरकवड्यावरून श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ क्रमांकाचा महामार्ग जातो, तर यवतमाळ-आर्णी-महागाव-उमरखेडवरून नांदेडकडे ३६१ क्रमांकाचा. गावोगावची तरुण मुले शेतीत भागत नाही म्हणून स्टिअरिंगवर बसतात. या नव्या ड्रायव्हरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचा लेख आहे. गाडी सलग किती तास चालवावी, मध्ये किती थांबावे, कायदा काय म्हणतो आणि शरीर काय म्हणते, ते पाहू.

कायदा काय सांगतो

ड्रायव्हरच्या तासांना कायदा आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. १९६१ साली संसदेने मोटार परिवहन कामगार कायदा केला. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या फेऱ्यांसाठी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन ती दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत नेता येत असे. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही. त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. आज काम संपले की उद्याचे सुरू होईपर्यंत मध्ये सलग ९ तास मोकळे. सकाळी कामावर लागल्यापासून रात्री सुटेपर्यंत, थांबे धरून, एकूण १२ तासांपेक्षा जास्त पसारा नको. सात दिवसांत एक दिवस सुट्टी. जादा तासांना दुप्पट दराने मजुरी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ९१ वे कलमही ड्रायव्हरच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवते.

आता यात एक बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६१ चा हा कायदा व्यवसायातील सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत सामावला गेला. दिवसाला ८ तास हा गाभा तिथेही कायम आहे, जादा कामाला दुप्पट मजुरीही आहे. मधल्या सुट्टीचे आणि पसाऱ्याचे आकडे सरकारने अधिसूचना काढून ठरवायचे, अशी रचना आहे. डॉक्टर म्हणून माझे म्हणणे एवढेच की कागदावरचे कलम कोणतेही असो, पाच तासांनंतर अर्धा तास आणि रात्रीचे सलग नऊ तास, हे जुने आकडे ज्यांनी घातले त्यांना शरीराची जाण होती. ते ड्रायव्हरने पाठ करून ठेवावेत.

कायदा असून तो रस्त्यावर दिसत का नाही, असे वाचक विचारतील. एक कारण असे की १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायालाच लागू होता. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. मालकच ड्रायव्हर, नाहीतर मालकाचा साळा ड्रायव्हर. त्याचे तास कोण मोजणार? दुसरे असे की नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत आणि दुसऱ्याला पाय पसरून झोपता येईल अशी जागा हवी, असा नियम होता. ही दोन ड्रायव्हरांची अट २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. खर्च वाचला, हे खरे. पण झोपेचा जो वाटेकरी होता तो केबिनमधून उतरला. आता बाजूला बसतो तो क्लीनर, आणि कित्येक गाड्यांवर तोही नसतो.

युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे थांबावेच लागते आणि दिवसाला साधारण ९ तासांपलीकडे चालवता येत नाही. गाडीत बसवलेले यंत्र चाक कधी फिरले, कधी थांबले याची नोंद ठेवते. पोलीस ती नोंद तपासतात. अमेरिकेत सलग १० तास विश्रांती घेतल्याशिवाय पुढची पाळी सुरू करता येत नाही. आपल्याकडेही विमानाच्या पायलटप्रमाणे ट्रकचालकांचे तास ठरवले पाहिजेत, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये म्हटले होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ड्रायव्हरच्या तासांच्या नियमांची अंमलबजावणी करण्याविषयी केंद्राला निर्देश दिले. पण न्यायालयाचा आदेश पाटणबोरीच्या धाब्यावर पोहोचायला वेळ लागतो. तोवर ड्रायव्हरला स्वतःच स्वतःचे घड्याळ व्हावे लागेल.

रांगेतला वेळ कोणाच्या खात्यात?

इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. कायद्यात कामाचा वेळ म्हणजे गाडी धावत असतानाचा वेळ आणि तिच्याशी जोडलेल्या कामांचा वेळ. मुक्कामाच्या ठिकाणी नुसते हजर राहणे पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर ते कामात धरतात. म्हणजे त्याहून लांबलेले थांबणे कामात येत नाही. आता कोळसा खाणीच्या काट्यावरची रांग डोळ्यांपुढे आणा. किंवा हंगामात जिनिंगच्या फाटकाबाहेर लागलेली गाड्यांची ओळ. तीन तास, पाच तास, कधी रात्र. दर दहा मिनिटांनी गाडी एक लांबीभर पुढे घ्यायची. कागदाच्या हिशेबात हा माणूस बसून आहे. शरीराच्या हिशेबात तो जागा आहे, उन्हात आहे, डिझेलच्या धुरात आहे आणि डोळा लागला तर मागचा हॉर्न मारतो. ही विश्रांती नव्हे.

म्हणून मी नव्या ड्रायव्हरांना सांगतो, तुम्ही तास मोजताना चाकाचे तास मोजू नका, डोळे उघडे असल्याचे तास मोजा. सकाळी सहाला उठलास, दिवसभर रांगेत लोड घेतलास आणि रात्री नऊला गाडी काढलीस, तर गाडी सुरू होण्याआधीच तुझे पंधरा तास झालेले असतात.

हे पंधरा तास महत्त्वाचे का, तेही सांगतो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक प्रयोग केला. काही माणसांना जागे ठेवून त्यांच्या हाताची आणि नजरेची चपळाई तपासली, मग दारू देऊन तशीच तपासली. सतरा तास जागा असलेला माणूस हा रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो असे दिसले. पूर्ण चोवीस तास जागा असेल तर सुमारे १०० मिलिग्रॅमइतका. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे आयुष्यात थेंबाला न शिवलेला माळकरी ड्रायव्हरसुद्धा सतरा तासांच्या जागरणानंतर पिऊन चालवल्यासारखीच गाडी चालवतो. फरक एवढाच की नाक्यावरच्या फुंकायच्या यंत्रात झोप दिसत नाही.

झापड येते म्हणजे काय होते

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते साठले की झोप येते, झोपल्यावर ते निवळते. याशिवाय शरीरात एक घड्याळ आहे. रात्री दोन ते पहाटे पाच आणि दुपारी दोन ते चार या दोन वेळांना ते घड्याळ शरीराला खाली ओढते. पहाटे चारच्या सुमारास अंगाचे तापमानही सर्वांत कमी असते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे अॅडिनोसिन भरलेले आणि घड्याळात पहाटेचे चार, की कितीही खंबीर माणूस असो, मेंदू परवानगी न मागता काही सेकंद बंद पडतो. डोळे उघडे असले तरी हे होते. ड्रायव्हर मंडळी याला झापड म्हणतात; शब्द अगदी योग्य आहे, दुकानाचे शटर पडावे तसे ते असते.

हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. चार सेकंदांची झापड म्हणजे ६७ मीटर. एवढ्या अंतरात गाडीला ड्रायव्हरच नसतो. आणि झोपलेला माणूस ब्रेक मारत नाही, म्हणून असे अपघात फार भीषण असतात.

१९ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, मजुरांना घेऊन सोलापूरहून नागपूरकडे निघालेली बस आपल्या आर्णी तालुक्यात ट्रकवर आदळली आणि चार जण गेले. त्या अपघाताचे कारण ठरवणे हे माझे काम नाही आणि मी ते ठरवत नाही. वेळ मात्र पहाटेची होती. या वेळेला रस्त्यावर असलेल्या कोणालाही, मग तो आपल्या लेनमध्ये सरळ जात असला तरी, समोरच्याच्या झोपेचाही धोका असतो.

समृद्धी महामार्गाबद्दल नेहमी विचारले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी भाग सुरू झाला आणि जून २०२५ पासून तो पुढे मुंबईपर्यंत, एकूण ७०१ किलोमीटर, खुला झाला. रस्ता उत्तम आहे. पण सरळ, सपाट, एकसारखा रस्ता मेंदूला काही कामच देत नाही. वळण नाही, बैल आडवा येत नाही, गाव लागत नाही. जुन्या रस्त्यावर जो माणूस दोन तास तरतरीत राहील, तो इथे तासाभरात गुंगतो. म्हणून अशा रस्त्यावर थांबे जास्त घ्यावेत, कमी नव्हे.

गाडी बाजूला घ्यायची वेळ झाली हे ओळखायच्या खुणा अशा: मागचे पाच-दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, नेहमीचा धाबा केव्हा मागे पडला कळले नाही, डोळे चुरचुरतात, जांभईमागून जांभई येते, मान एकदा जरी झुकली, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन आपण दचकून ती आत घेतली. यातली एक खूण दिसली तरी पुढचे "सुरक्षित ठिकाण" फार लांबचे निवडू नये. पण रस्त्याच्या कडेला अंधारात, मागचा दिवा बंद ठेवून गाडी उभी करून झोपणेही तितकेच घातक. पेट्रोलपंप, धाबा, टोलनाक्याजवळची पार्किंगची जागा पाहावी.

चहा, खर्रा आणि इतर उपाय

ड्रायव्हर लोकांचे झोप पळवण्याचे उपाय मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. खिडकी उघडणे, डोक्यावर पाणी ओतणे, मोठ्याने गाणी लावणे, हिरवी मिरची चावणे. हे उपाय पाच-दहा मिनिटे टिकतात. तेवढ्या वेळात थांबायला जागा शोधावी, इतकाच त्यांचा उपयोग.

चहा-कॉफीत कॅफिन असते. ते मेंदूत अॅडिनोसिनची जागा अडवते, म्हणून झोप जाणवत नाही. पण साठलेले अॅडिनोसिन तिथेच असते, ते कुठे जात नाही. कॅफिनचा जोर यायला वीस-तीस मिनिटे लागतात. याचा एक चांगला उपयोग करता येतो. कडक चहा किंवा कॉफी प्यावी आणि लगेच वीस मिनिटे मोबाइलचा गजर लावून आडवे व्हावे. उठेपर्यंत कॅफिन लागू झालेले असते आणि डुलकीही झालेली असते. उठल्या उठल्या मात्र चावी फिरवू नये. पाच-दहा मिनिटे तोंड धुवून, गाडीभोवती फिरून, टायर ठोकून पाहावेत आणि मग निघावे. पण ही युक्ती पुढचा तास-दीड तास निभावण्यापुरती आहे. तिच्या भरवशावर रात्र काढू नये.

खर्रा. यवतमाळ जिल्ह्यात या विषयावर न लिहिता पुढे जाता येत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून गालात धरायचा, झोप येत नाही, असे सांगतात. तंबाखूतले निकोटिन थोडा वेळ तरतरी देते, ते उतरले की पहिल्यापेक्षा जास्त सुस्ती येते, म्हणून दुसरी पुडी. दिवसाला आठ-दहा पुड्या खाणारे पंचविशीतले ड्रायव्हर माझ्याकडे येतात, तोंडात दोन बोटे जात नाहीत, भाजी तिखट लागते म्हणून तक्रार असते. आतली कातडी ताठ होत गेलेली असते. ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही आणि तिथेच पुढे कर्करोगाची भीती असते. शिवाय निकोटिन पोटात असताना जी काही झोप मिळते तीही उथळ मिळते. झोप येऊ नये म्हणून गोळ्या किंवा अफूचा डोडा घेणाऱ्यांविषयी मी एवढेच सांगेन की त्यांचा अंमल उतरतो तो सांगून उतरत नाही.

औषधांच्या बाबतीत तर ड्रायव्हरने फार जपावे. सर्दीच्या बहुतेक स्वस्त गोळ्यांत, खाजेच्या गोळ्यांत आणि खोकल्याच्या कित्येक औषधांत झोप आणणारे द्रव्य असते. मेडिकलवाल्याकडून "सर्दीची एक द्या" म्हणून घेतलेली गोळी दुपारच्या जेवणाबरोबर पोटात गेली की पुढचे कित्येक तास भरवशाचे नाहीत. डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला आधी सांगावे, मी गाडी चालवतो. कमी झोप आणणारी औषधे मिळतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ड्रायव्हरने जेवण चुकवू नये. साखर उतरली की घाम येतो, हात कापतात, बोलणे बरळल्यासारखे होते. लोक दारू प्यायला समजतात. खिशात गूळ किंवा साखर ठेवावी आणि असे वाटताच आधी गाडी थांबवावी, मग गूळ खावा. यात क्रम चुकू नये.

आणखी एक आजार घरच्यांनाच आधी कळतो. रात्री जोरात घोरणे, घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबणे, मग धडपडून पुन्हा सुरू होणे. अशा माणसाची झोप आठ तासांची दिसते पण होत नाही. दिवसा तो सिग्नलवरसुद्धा पेंगतो. जाड मान, वाढलेले वजन, रक्तदाब असलेल्यांत हा आजार जास्त दिसतो. याची तपासणी आणि उपचार आहेत. बायकोने "हे फार घोरतात" म्हणून हसण्यावारी नेऊ नये, डॉक्टरला सांगावे.

कोइमतूरची खेप

त्या मुलाचे वडील शेवटी म्हणाले, "सायेब, आठ तासांत काय होते? सेठ म्हनते, गाठी दोन दिवसांत कोइमतूरले पाह्यजेत." मग आम्ही तिघांनी कागदावर हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण बोलण्यापेक्षा आकडे लवकर पटतात.

पांढरकवड्याहून हैदराबाद, बंगळूर करत कोइमतूर सुमारे तेराशे किलोमीटर. भरलेली गाडी, चढ, गावे, टोल, सगळे धरून ताशी सरासरी ४० धरू. म्हणजे साडेबत्तीस तास नुसते चाक फिरणार. दोन दिवसांचे एकूण तास अठ्ठेचाळीस. उरले साडेपंधरा. त्यात डिझेल, दोन वेळचे जेवण, आंघोळ, कागद दाखवणे, दोरी-ताडपत्री कसणे. झोपेला दोन रात्री मिळून फार तर सहा-सात तास. आठ तासांच्या नियमाने तीच खेप दिवसाला ३२० किलोमीटर, म्हणजे चार दिवसांची आहे.

मग घाई कोणाची? मालाबरोबर जे ई-वे बिल असते त्याची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस आहे. तेराशे किलोमीटरला सात दिवस. म्हणजे सरकारी कागदसुद्धा सात दिवस थांबायला तयार आहे. घाई आहे ती पुढच्या भाड्याची, गाडीच्या हप्त्याची. आणि पगार महिन्याचा नसून खेपेवर असेल तर ती ड्रायव्हरचीही होते. मी मालकांनाच दोष देत नाही, एक गाडी असलेल्या मालकाचा हप्ता मलाही कळतो. पण गाडी उलटली तर हप्ता तसाच राहतो, गाठी पावसात भिजतात आणि एका घरातला कमावता जातो. चार दिवसांचे भाडे दोन दिवसांत मागणारा सेठ हा हिशेब मांडत नाही.

त्या मुलाला मी दिवसाची आखणी अशी करून दिली. पहाटे पाचला निघायचे. साडेसातला चहा, पंधरा मिनिटे खाली उतरून. सव्वादहाला थांबायचे, इथे पाच तास पुरे झाले. पाऊण तास, तेव्हाच जेवून घ्यायचे. अकरा ते एक पुन्हा गाडी. एक ते चार गाडी सावलीत, माणूस आडवा. त्या वेळेला उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि शरीराचे घड्याळही खाली असते, त्यामुळे दोन्ही संकटे टळतात. चार ते पाच शेवटचा तास. आठ तास झाले, बारा तासांचा पसाराही संपला. रात्री नऊला झोप. दुपारी पोटभर भात आणि तेलाची तर्री टाळावी. पाणी दिवसभर प्यावे. लघवीला उतरावे लागते म्हणून पाणी न पिणारे ड्रायव्हर मुतखडा घेऊन येतात, आणि उन्हात पाणी कमी पडले की येणारी गुंगी झोपेसारखीच असते.

केबिनमध्ये झोपताना दोन गोष्टी. एसीसाठी किंवा उबेसाठी इंजिन चालू ठेवून, काचा पूर्ण बंद करून झोपू नये. थंडीत आत शेगडी तर मुळीच ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. २०२५ पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण आपल्या रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे चालणार आहेत.

जागरणाबद्दल मी डॉक्टर म्हणून दुसऱ्याला शहाणपण शिकवतो आहे असे वाटू नये. शिकाऊ डॉक्टर असताना सलग छत्तीस तासांची ड्यूटी करून मी लुना घेऊन खोलीवर निघालो होतो. रस्त्याच्या कडेला असलेल्या मुरमाच्या ढिगात चाक रुतले तेव्हा जाग आली. त्या दिवशी तिथे मुरूम नसता आणि विहीर असती तर हा स्तंभ दुसऱ्या कोणी लिहिला असता. मला त्या वेळी झोप येत होती असे आठवतच नाही, हीच यातली खरी गोष्ट आहे. झोपणाऱ्याला कळत नाही.

दिवाळीनंतर तो मुलगा पुन्हा आला. नाक गळत होते, आवाज बसलेला. पहिली खेप चार दिवसांत केली म्हणून सेठ रागावला होता, दुसरी तीन दिवसांत मागितली. परतीच्या वाटेवर हैदराबादेत सर्दीची गोळी घेतली आणि पहाटे निर्मलच्या पुढे डाव्या बाजूची चाके डांबर सोडून मातीत उतरली. क्लीनर ओरडला म्हणून गाडी आत आली. घरी सांगितले नाही, असे म्हणाला.

उद्या पुन्हा गाडी होती. ताप शंभरच्या वर होता, म्हणून खोटे लिहायची वेळ आली नाही. मी तीन दिवसांच्या विश्रांतीचा दाखला लिहून दिला आणि झोप न आणणाऱ्या गोळ्या दिल्या. तो दाखला सेठला दाखवू की नको, असे त्याने दारात उभे राहून दोनदा विचारले. वडील म्हणाले, "दाखव बापा." चौथ्या दिवशी वडिलांचा फोन आला. सेठने दुसऱ्या कोणाला तरी गाडी दिली होती. मुलगा अजून झोपलाच होता.